बेस गिटारसाठी कोरस पेडल कसं निवडायचं, खर्ज न गमावता

सांगली, मिरज, सातारा या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये किंवा चर्चमध्ये बेस वाजवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली आहे: "कोरस घेतला, घरी झकास वाजला, पण स्टेजवर दाबला की बेसच गायब होतो." अशा वेळी पेडल बहुधा बिघडलेलं नसतं, निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी व्हिडिओ बघून पेडल आवडतं, मग ते मागवलं जातं, मग हाताशी असलेला ॲडॅप्टर त्याला लावला जातो, आणि खालची ई तार त्या पेडलमधून कशी वाजते हे थेट कार्यक्रमाच्या दिवशी कळतं.

हा क्रम सुधारायचा तर प्रत्येक टप्प्यावर एकच कसोटी लावा: कोरस चालू केल्यावर खर्ज शाबूत राहतो का? आवाज किती गोड होतो, किती फुलतो, हे त्यानंतर बघायचं.

आधी एवढं समजून घ्या

कोरस पेडल तुमच्या आवाजाची एक नक्कल करतं, ती काही मिलिसेकंद उशिरा सोडतं आणि तो उशीर सतत कमी-जास्त करत राहतं. त्यामुळे नकलेचा स्वर किंचित वर-खाली होतो. मूळ आवाज आणि ही झुलणारी नक्कल एकत्र आली की आवाज रुंद वाटतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा केसभर इकडेतिकडे असल्या की जी लाट उठते, ती तंबोरे बनवणाऱ्या मिरजेत वेगळी समजावून सांगायला नको. कोरस तीच लाट विजेच्या मदतीने उठवतो.

आता बेसची अडचण. चार तारांच्या बेसवर मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे तिच्या एका कंपनाला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. कोरसमधला उशीर साधारण ५ ते ३० मिलिसेकंदांच्या घरात असतो. तो झुलत झुलत १२ मिलिसेकंदांपाशी आला, की नक्कल मूळ लाटेच्या बरोबर अर्ध्या कंपनाने मागे पडते. मूळ लाट वर जात असताना नक्कल खाली जाते आणि दोघी एकमेकींना खातात. उशीर पुढे सरकला की स्वर परत येतो, मग पुन्हा जातो. म्हणूनच खालची नोट लांब धरली की ती धापा टाकल्यासारखी वाजते.

ए तारेवर (५५ हर्ट्झ) हीच गोष्ट ९ मिलिसेकंदांपाशी होते. पाच तारांच्या बेसच्या खालच्या बी तारेवर (३१ हर्ट्झ) ती १६ मिलिसेकंदांपाशी होते. गिटारलाही हे चुकत नाही, पण बँडमध्ये गिटारचा सगळ्यात खालचा थर हरवला तरी गाणं उभं राहतं. बेसचा हरवला तर ड्रमर एकटा पडतो.

टप्पा १: पेडल कोणत्या गाण्यांसाठी हवं ते लिहून काढा

कागदावर गाण्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे बेस नेमकं काय करतो ते लिहा: लांब नोटा, आठव्या मात्रांची (एका ठोक्यात दोन नोटांची) धाव, वरच्या तारांवरची सुरावट, की फ्रेटलेसवर (पट्ट्या नसलेल्या बेसवर) गाणारी ओळ.

लांब, विरळ नोटांची संथ गाणी आणि वरच्या तारांवरचं काम इथे कोरस खुलतो. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड असलेल्या दणकेबाज गाण्यात त्याला जागाच नसते. तिथे तो फक्त प्रत्येक ठोक्याची धार बोथट करतो.

यादीत कोरसची दोन-चारच गाणी निघाली, तर वेगळ्या पेडलपेक्षा बेससाठी बनवलेलं छोटं मल्टी-इफेक्ट, उदाहरणार्थ झूमचं एमएस-६०बी, जास्त उपयोगाचं ठरतं. त्यात बाकीचे इफेक्टही मिळतात. पण कोरस तुमच्या आवाजाचा कायमचा भाग होणार असेल, तर हाताशी नॉब असलेलं स्वतंत्र पेडल घ्या. स्टेजवर अंधारात मेनू शोधत बसणं फार त्रासाचं असतं.

टप्पा २: बेस, तारा आणि केबल आधी ठीक करा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि मग चांगल्या पेडलला नावं ठेवतात.

कोरस आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः वरच्या सुरांतून, म्हणजे नोटेच्या पोटात दडलेल्या उपस्वरांतून. तारा घामाने मेलेल्या असतील तर हे उपस्वर शिल्लकच नसतात. मग कोरस ऐकू यावा म्हणून वाजवणारा डेप्थ (नक्कल किती झुलते ते ठरवणारा नॉब) वाढवत जातो आणि खर्जाचा बळी देतो. पेडल बघायला जाण्याआधी तारा नव्या चढवा, दोन-तीन दिवस वाजवून त्या बसू द्या. फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत) तारा वापरत असाल तर त्याच ठेवा, पण त्यांवर कोरस मुळातच सौम्य वाटतो हे लक्षात असू द्या.

मग ब्रिजवर इंटोनेशन (फ्रेट दाबल्यावर स्वर बरोबर लागतो का) तपासा. मोकळ्या तारेच्या बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेली नोट ट्यूनरवर एकसारखी दिसली पाहिजे. मुळात बेसूर असलेल्या बेसवर कोरस लावला, तर बेसूरपणा दुप्पट होतो.

बेस ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर नवी ९ व्होल्टची बॅटरी घाला. आणि केबल हलवून बघा. खरखर येणारी केबल घेऊन कुठलंच पेडल तपासू नका.

तपासा: पेडल न लावता, थेट ॲम्पमध्ये, चारही तारा एका जोराने वाजवा. ई तार बाकीच्यांपेक्षा दबकी असेल तर पिकअपची उंची आधी जुळवा. ती कमतरता कोरस भरून काढणार नाही.

टप्पा ३: यादी करताना नेमकं काय बघायचं

सगळ्यात आधी शोधा तो खर्ज वाचवणारा मार्ग. त्याला कुणी क्रॉसओव्हर म्हणतं, कुणी लो फिल्टर. काम एकच: ठरावीक कंपनसंख्येच्या खालचा आवाज कोरसमध्ये जाऊच द्यायचा नाही, तो कोरा पुढे पाठवायचा. एमएक्सआरच्या एम८३ बेस कोरस डिलक्सवर यासाठी बटण आहे आणि त्याची मर्यादा १०० हर्ट्झ आहे. हा आकडा विचारपूर्वक निवडलेला आहे. मोकळी ई ४१, ए ५५, डी ७३ आणि जी ९८ हर्ट्झ, म्हणजे चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर १०० च्या खाली येतात. ते कोरे राहतात आणि लाट फक्त त्यांच्या उपस्वरांवर उठते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बेस क्लोनवरही क्रॉसओव्हरचा स्विच आहे. बॉसच्या सीईबी-३ वर लो फिल्टर नावाचा फिरता नॉब आहे. नॉब असेल तर खोलीप्रमाणे, बेसप्रमाणे थोडंफार जुळवून घेता येतं. स्विच असेल तर विचार करावा लागत नाही. मला स्विच पुरेसा वाटतो, पण फ्रेटलेस वाजवणाऱ्यांनी नॉबवाल्याकडे आधी बघावं.

दुसरी गोष्ट, नकलेचं प्रमाण ठरवणारा नॉब. पेडलवर तो ई. लेव्हल, एफएक्स लेव्हल, मिक्स किंवा इंटेन्सिटी अशा नावांनी असतो. बेसवाल्यासाठी हा डेप्थपेक्षाही महत्त्वाचा नॉब आहे. मूळ आवाज आणि नक्कल सारख्या ताकदीच्या असतील तरच त्या एकमेकींना पूर्ण खाऊ शकतात. नक्कल निम्म्या ताकदीची केली की खड्डा उरतो, पण उथळ. क्रॉसओव्हर नसलेल्या पेडलवरही या नॉबच्या जोरावर बरंच निभावता येतं. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या कोरोना कोरसवर स्पीड आणि डेप्थबरोबर एफएक्स लेव्हल आणि टोन आहेत. ते खास बेसचं पेडल नाही, तरी यामुळे बेसवर चालतं. याउलट इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या स्मॉल क्लोनवर एक रेटचा (झोक्याच्या वेगाचा) नॉब आणि डेप्थचा एक स्विच एवढंच आहे. गिटारवर त्याचा आवाज मला मनापासून आवडतो. बेसवर मात्र नक्कल कमी करायची सोयच नसल्याने ते पहिलं पेडल म्हणून घेऊ नये.

सावधान: पेडलवर 'बेस' लिहिलंय म्हणून आत क्रॉसओव्हर असेलच असं धरू नका. काही पेडलवर बेस नावाचा नॉब असतो, पण तो फक्त टोनचा असतो. एकमेकांना खाल्लेला खर्ज टोन वाढवून परत येत नाही. माहितीपुस्तिका उघडा आणि नक्कल कोणत्या कंपनसंख्येपासून पुढे लागते ते वाचा.

बाकीचे मुद्दे भराभर. ॲनालॉग की डिजिटल यावर फार वाद होतात. ॲनालॉग पेडलमधली नक्कल थोडी मऊ आणि मंद असते, डिजिटलमधली स्वच्छ. बँडमध्ये हा फरक श्रोत्यापर्यंत क्वचितच पोचतो, तेव्हा त्यावर पैसे अडकवू नका. ट्रू बायपास की बफर (पेडल बंद असताना आवाज सरळ तारेतून जातो की सर्किटमधून) हेही एक-दोन पेडल आणि आखूड केबल असेपर्यंत बाजूला ठेवा.

स्टिरिओ आउटपुटसाठी जास्तीचे पैसे देण्याआधी मात्र विचार करा. आपल्याकडे मंडपात आणि सभागृहात बेस मिक्सरला एकाच चॅनेलवर जातो. काही पेडलमध्ये एका आउटपुटला मूळ अधिक नक्कल असते आणि दुसऱ्याला मूळ उणे नक्कल. साउंडवाल्याने दोन्ही केबल घेऊन मोनोत मिसळल्या की नक्कल एकमेकीतून वजा होते आणि कोरसच उरत नाही. घरी हेडफोनवर जे पेडल डोक्याभोवती फिरत होतं, ते स्टेजवर मुकं होतं. मोनो कार्यक्रमांत एकच आउटपुट वापरा, पुस्तिकेत ज्याला मोनो म्हटलंय तेच.

टप्पा ४: विजेची सोय पेडलच्या आधी करा

दुकानात जाण्याआधीच हे का? कारण चुकीच्या विजेवर तपासलेलं पेडल खोटं बोलतं, आणि कधी कधी कायमचं गप्प होतं.

बहुतेक कोरस पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतात, आणि तेही मधली टोचण ऋण असलेले. पेडलच्या मागे वर्तुळातलं छोटं चित्र असतं: मधल्या ठिपक्याला जोडलेल्या रेषेवर उणे चिन्ह. गोंधळ होतो तो इथेच. घरातल्या वायफाय राउटरचा किंवा सीसीटीव्हीचा ॲडॅप्टर पेडलमध्ये अगदी घट्ट बसतो, पण त्याची मधली टोचण सहसा धन असते आणि सीसीटीव्हीचा तर १२ व्होल्टचा असतो. पिन बसली म्हणजे ॲडॅप्टर चालतो असं नाही. उलट्या ध्रुवाने काही पेडलमधला संरक्षक डायोड जळतो, काहींत मुख्य चिपच जाते.

क्रम असा ठेवा:

१. पेडलवर व्होल्ट, ध्रुव आणि मिलिअँपिअर वाचा. ॲनालॉग कोरसला थोड्या मिलिअँपिअरमध्ये भागतं, डिजिटलला १०० किंवा त्याहून जास्त लागू शकतात.

२. ॲडॅप्टरवरचे हेच तीन आकडे वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत. मिलिअँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत.

३. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, काळी टोचणी पिनच्या बाहेरच्या कड्याला आणि लाल टोचणी मधल्या भोकात लावा. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर ध्रुव बरोबर आहे. मल्टिमीटर नसेल तर जवळच्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे हे दोन मिनिटांचं काम आहे.

एकाच ॲडॅप्टरवर साखळी लावून अनेक पेडल चालवणार असाल, तर एक धोका ओळखून ठेवा. ॲनालॉग कोरसच्या आत सतत चालणारं एक घड्याळ-सर्किट असतं. तसंच दुसरं पेडल किंवा एखादं डिजिटल पेडल त्याच साखळीवर आलं, की बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते. पेडल परत करण्याआधी ते एकटं बॅटरीवर चालवून बघा. शिट्टी गेली तर दोष साखळीचा आहे आणि तुम्हाला वेगवेगळे, एकमेकांपासून सुटे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय लागेल.

खेडोपाडी कार्यक्रम असला की वीज जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर येते. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ॲडॅप्टर हमखास गुरगुरतो. बॅटरी आत बसणारं पेडल निवडलं असेल तर त्या दिवशी सुटका होते. माझ्या मते ग्रामीण भागात वाजवणाऱ्यांनी बॅटरीचा कप्पा ही अट यादीतच घालावी. अनेक मिनी पेडलमध्ये तो नसतो.

तपासा: गुरगुर आणि बेस यांची गल्लत होऊ देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झवर वाजतो. गुरगुरीचा दुसरा पदर १०० हर्ट्झवर असतो आणि मोकळी जी तार ९८ वर. वीज गुरगुरत असेल तर जी वाजवताना लाट उठल्यासारखी वाटते, अगदी कोरस बंद असतानाही. म्हणून आधी तारांवर हात ठेवून नुसती शांतता ऐका.

टप्पा ५: पेडलची परीक्षा, याच क्रमाने

बेससाठी बनवलेली कोरस पेडल हाताळायला साताऱ्याहून बहुधा पुणे गाठावं लागतं, तर सांगलीहून कोल्हापूर. साधारण ११० किलोमीटर आणि ५० किलोमीटर. एवढं जायचंच तर तयारीने जा: स्वतःचा बेस, स्वतःची केबल, तपासलेला ॲडॅप्टर. दुकानातल्या नव्या बेसवर ऐकलेला कोरस तुमच्या बेसवर तसाच लागणार नाही.

आणखी एक अट. दुकानात बहुधा ८ इंची स्पीकरचा छोटा प्रॅक्टिस ॲम्प पुढे करतात. त्यावर ४१ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही. आपण ऐकतो ते वरचे उपस्वर, आणि मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. खर्ज मुळात नसलेल्या जागी खर्ज गेलाय हे कळणार कसं? स्टेजवर १८ इंची सबवूफर लागतो तेव्हा ते उघडं पडतं. घरी झकास आणि स्टेजवर गायब, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. १५ इंची स्पीकरचा किंवा १० इंचीच्या जोडीचा बेस ॲम्प मागा. तो नसेल तर कान झाकणारे चांगले हेडफोन चालतील. मोबाइलच्या स्पीकरवर किंवा लॅपटॉपवर ऐकून निर्णय घेऊ नका.

आता वाजवा.

१. पेडल बंद ठेवून मोकळी ई वाजवा. मग पेडल चालू करा, डेप्थ आणि नकलेचा नॉब शून्यावर. आवाजाची ताकद तीच राहिली पाहिजे. चालू करताच आवाज वाढत असेल तर तो "भारी" वाटतो, आणि कान त्या वाढीला भुलतात. लेव्हल जुळवूनच पुढे जा.

२. डेप्थ निम्म्यावर, रेट अगदी हळू, नकलेचा नॉब निम्म्यावर. मोकळी ई एकदाच वाजवा आणि विझेपर्यंत धरा. आवाज सरळ उतरत गेला तर उत्तम. तो फुगत आणि ओसरत उतरला तर नक्कल खर्जात मिसळतेय. क्रॉसओव्हर किंवा लो फिल्टर लावा आणि पुन्हा ऐका. फरक कळला पाहिजे.

३. हेच ई तारेवर पाचव्या फ्रेटपर्यंत एकेक नोट घेऊन करा. प्रत्येक नोटेचा खड्डा वेगळ्या उशिरावर असतो, त्यामुळे एक नोट ठणठणीत आणि शेजारची पोकळ असं होऊ शकतं. पाच तारांचा बेस असेल तर सुरुवात खालच्या बी पासून.

४. मग आठव्या मात्रांची धाव, मेट्रोनोम १०० वर. प्रत्येक ठोक्याची सुरुवात कानाला टोचली पाहिजे. ती पसरली, तर बँडमध्ये तुम्ही ड्रमरच्या मागे वाजवताय असं सगळ्यांना वाटेल.

५. वरच्या डी आणि जी तारांवर सुरावट, हार्मोनिक, दोन तारांची जोडी. इथे कोरस खरा फुलतो आणि बहुतेक जण परीक्षेची सुरुवातच इथून करतात. ती शेवटाकडे ठेवा, कारण इथे जवळपास प्रत्येक पेडल सुंदर वाजतं आणि मन वळतं.

६. शेवटी स्थिर स्वराच्या वाद्याबरोबर. मोबाइलवर पेटीचा किंवा कीबोर्डचा एक स्वर लावून ठेवा आणि तोच स्वर बेसवर धरा. पेटी आपला स्वर हलवत नाही, त्यामुळे नक्कल किती भटकतेय ते लगेच कळतं. अभंगाच्या किंवा भावगीतांच्या कार्यक्रमात पेटीबरोबर वाजवणाऱ्यांनी ही परीक्षा कधीही सोडू नये.

या सहाव्या परीक्षेत रेट आणि डेप्थचं नातं उमगतं. समजा नकलेचा उशीर दोन्ही बाजूंना २ मिलिसेकंद झुलतोय. सेकंदाला एक झोका असेल तर नकलेचा स्वर सव्वा टक्का वर-खाली जातो, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा साधारण पाचवा हिस्सा. डेप्थला हातही न लावता रेट दुप्पट केला, की ही भटकंतीही दुप्पट होते. म्हणून रेट वाढवताना डेप्थ उतरवायची. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण पेडलला बेसूर ठरवून विकून टाकतात.

शक्य असेल तर ध्वनिमुद्रण करा, पण ऑडिओ इंटरफेसमधून (वाद्य संगणकाला जोडणाऱ्या डब्यातून) थेट. फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही. धरलेल्या ई ची लाट पडद्यावर बघितली की फुगवटे डोळ्यांनी मोजता येतात आणि दोन पेडलची तुलना सोपी होते.

टप्पा ६: ऑनलाइन किंवा जुनं घेताना

ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत आधी वाचा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि टप्पा ५ ची परीक्षा त्याच मुदतीत पूर्ण करा. कार्यक्रमाला अजून महिना आहे म्हणून पेडल खोक्यात ठेवलं, तर मुदत निघून जाते.

जुन्या पेडलच्या बाबतीत चार जागा बघा. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशी आहे का. प्रत्येक नॉब सावकाश फिरवताना खरखर येते का. जॅकमध्ये केबल हलवल्यावर आवाज तुटतो का. पायाचा स्विच दहा-बारा वेळा दाबल्यावर प्रत्येक वेळी चालू-बंद होतो का. नॉबची खरखर आणि सैल जॅक दुरुस्त होतात, तेवढी किंमत कमी करून घ्या. पण चालू केल्यावर कोरसच येत नसेल आणि नुसता कोरा आवाज जात असेल, तर "किरकोळ काम आहे" या शब्दावर विसंबू नका. नक्कल तयार करणारी चिप गेलेली असू शकते.

टप्पा ७: साखळीत जागा

बेसमधून निघून क्रम असा: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह असेल तर तो, ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, आणि डिले-रिव्हर्ब त्याच्या पुढे. ऑक्टेव्ह पेडलला स्वच्छ, स्थिर स्वर लागतो. कोरसचा झुलता स्वर दिला तर ते चाचपडतं. ओव्हरड्राइव्हच्या आधी कोरस ठेवला तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकत्र चिरडल्या जातात आणि आवाज गढूळ होतो.

ॲक्टिव्ह बेसचं आउटपुट जोरदार असतं. कोरस चालू करताच जोराच्या नोटांवर फाटल्यासारखा आवाज आला, तर बेसवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवून बघा. आवाज साफ झाला, तर पेडलला तेवढा जोर झेपत नाही हे समजून घ्या.

डीआय बॉक्स (बेसचा आवाज मिक्सरला पाठवणारा छोटा डबा) कुठे लागतोय हेही बघा. साउंडवाला कधी कधी बेसमधून सरळ डीआयला आणि डीआयमधून पेडल-ॲम्पला केबल टाकतो. मग कोरस फक्त तुम्हाला ऐकू येतो, लोकांना नाही. डीआय पेडलच्या नंतर हवा. मोठ्या मंडपात मात्र मी दोन लाइन मागायला सुचवेन: एक कोरी डीआयमधून, दुसरी कोरसची. खर्ज कोऱ्या लाइनवर उभा राहतो आणि साउंडवाला कोरस हवा तेवढा मिसळतो. दोन्ही एकत्र केल्यावर आवाज बारीक झाला, तर एका चॅनेलचं फेज (लाट उलटी करणारं) बटण दाबून बघायला सांगा.

टप्पा ८: नॉब लावणं आणि कार्यक्रमाच्या जागी तपासणं

नॉबकडे घड्याळासारखं बघा, सरळ वर म्हणजे बारा. सुरुवात इथून करा: रेट नऊवर, डेप्थ दहावर, नकलेचा नॉब अकरावर, क्रॉसओव्हर चालू. घरी एकट्याने वाजवताना हे अगदीच कमी वाटेल, तसंच राहू द्या. बँड सुरू झाल्यावर पेडल बंद केलं की काहीतरी गेल्यासारखं वाटावं, आणि चालू असताना त्याच्याकडे वेगळं लक्ष जाऊ नये. फ्रेटलेसवर किंवा एकट्याच्या सुरावटीत डेप्थ बारापर्यंत न्यायला हरकत नाही.

सरावाच्या खोलीतली सेटिंग तशीच्या तशी कार्यक्रमात चालत नाही. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कला मंदिरात, म्हणजे बंद सभागृहात, भिंतींवरून परतणारा आवाज आधीच बेसला पसरवतो. तिथे डेप्थ एक घर खाली घ्या. उघड्या मैदानावर हा पसारा नसतो, कोरस कोरडा आणि स्पष्ट ऐकू येतो, पण सबवूफरही तिथेच सगळ्यात मोठे असतात. खर्जातला प्रत्येक खड्डा शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

साउंडचेकला हे करा. ड्रमरला फक्त किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजवायला सांगा, तुम्ही मोकळी ई आणि ए त्याच्याबरोबर वाजवा, चार आवर्तनं कोरस बंद, चार चालू. ऐकायला मिक्सरपाशी बँडमधल्या कुणाला तरी उभं करा. स्टेजवर तुमच्या पायाशी असलेल्या मॉनिटरवरून तुम्हाला याचा अंदाज येणार नाही. चालू केल्यावर किकखालचा आधार कमी झाला असं तो म्हणाला, तर आधी नकलेचा नॉब उतरवा. त्याने भागलं नाही तर डेप्थ. ॲम्पवरचा किंवा मिक्सरवरचा बेस वाढवू नका. त्याने उरलेल्या नोटा घुमतात आणि खड्ड्यातल्या तशाच राहतात.

जुळलेली जागा नॉबच्या बाजूला मार्करने किंवा चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने दाखवून ठेवा, कारण पेडल पिशवीत घातलं की नॉब फिरतात. बॅटरीवर चालवत असाल तर मध्यंतरात इनपुटची केबल काढा. बहुतेक पेडलमध्ये केबल आत असेपर्यंत, पेडल बंद असलं तरी, बॅटरी खर्च होत राहते.